दिगंश : क्षितिजावरचा शून्य कोठे धरायचा?

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. भाविकांसाठी तो दर्शनाचा क्षण असतो. कोनांच्या मोजमापात रस असलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत ४२ दिवस होतात, आणि २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४१. म्हणजे किरणोत्सवाचे दोन्ही काळ वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. सूर्य दक्षिणेकडे सरकत असताना मावळतीच्या ज्या बिंदूवरून जातो, त्याच बिंदूवरून तो परत येताना पुन्हा एकदा जातो, आणि तो बिंदू देवळाच्या दारांच्या सरळ रेषेत येतो.

त्या बिंदूला नाव द्यायचे झाले तर 'पश्चिम' हा शब्द पुरत नाही. 'नैर्ऋत्य' म्हणावे तर तेही फार होते. कोल्हापूरचे अक्षांश आणि त्या दिवसांतील सूर्याची स्थिती घेऊन गणित केले, तर सूर्यास्ताची दिशा उत्तरेपासून पूर्व-दक्षिण-पश्चिम अशा क्रमाने मोजत गेल्यावर सुमारे २५२ अंशांवर येते, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे १८ अंश. क्षितिजावरची दिशा सांगणाऱ्या या आकड्याला दिगंश म्हणतात. इंग्रजीतील 'अझिमथ' तो हाच. त्या काळात मावळतीचा बिंदू दररोज सुमारे ०.३ अंश सरकतो आणि सूर्याचे बिंब आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. त्यामुळे उत्सव महिनाभर चालत नाही, मोजक्या दिवसांत आटोपतो.

दिगंशाची व्याख्या समजण्यासाठी एखाद्या उघड्या माळावर उभे असल्याची कल्पना करावी. आपल्या भोवती जेथे आभाळ जमिनीला टेकल्यासारखे दिसते, ते क्षितिजाचे वर्तुळ आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी आपण आहोत. आकाशातील एखाद्या ताऱ्यापासून सरळ खाली, क्षितिजाला काटकोनात मिळेल अशी रेषा उतरवली, तर ती क्षितिजाला एका बिंदूत भेटते. उत्तर बिंदूपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने त्या बिंदूपर्यंत झालेला कोन हा त्या ताऱ्याचा दिगंश होय. उत्तर ० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, आणि ३६० अंशांवर पुन्हा उत्तर. तारा क्षितिजापासून किती वर आहे हे सांगणारा दुसरा कोन म्हणजे उन्नतांश. हे दोन आकडे हाती असले की आकाशातील कोणत्याही ठिकाणाकडे बोट दाखवता येते. आपल्या आठ दिशा याच वर्तुळाचे ४५-४५ अंशांचे टप्पे आहेत: ईशान्य ४५, आग्नेय १३५, नैर्ऋत्य २२५, वायव्य ३१५. अंशाचे ६० भाग केले की कला होते आणि कलेचे ६० भाग केले की विकला. हे शब्द आपल्या ज्योतिर्गणितात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि आजही ते पूर्ण उपयोगाचे आहेत.

या व्याख्येतील एक बारकावा सहज निसटतो. दिगंश हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो कोणत्या बिंदूपासून मोजला, कोणत्या बाजूने मोजला आणि कोणत्या ठिकाणी उभे राहून मोजला, या तीन गोष्टी त्याच्याबरोबर याव्या लागतात. आज बहुतेक ठिकाणी शून्य उत्तरेला असतो. परंतु आपल्या सिद्धांतग्रंथांतील, म्हणजे जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथांतील, 'अग्रा' हे उगवतीच्या बिंदूचे माप पूर्व बिंदूपासून मोजले जाते, आणि जुन्या पाश्चात्त्य खगोलशास्त्रात दक्षिणेला शून्य धरून पश्चिमेकडे मोजण्याची पद्धत होती. ही केवळ इतिहासातली गोष्ट नाही. छपरावर सौर पॅनल बसवताना उत्पादनाचा अंदाज देणाऱ्या काही संगणकीय आज्ञावलींत दक्षिणेचा दिगंश १८० लिहिला जातो, तर काहींत दक्षिण म्हणजेच शून्य असते. एका पद्धतीतला आकडा दुसऱ्या पद्धतीत तसाच भरला, तर दक्षिणेकडे तोंड असलेले पॅनल कागदावर उत्तरेकडे वळते आणि सगळा हिशेब उलटा होतो.

आता सूर्याकडे परत येऊ. सूर्याचा उगवतीचा दिगंश दोन गोष्टींवर ठरतो: त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेस किंवा दक्षिणेस आहे, म्हणजे त्याची क्रांती, आणि आपले अक्षांश. क्रांतीच्या ज्येला (साइनला) अक्षांशाच्या कोटिज्येने (कोसाइनने) भागले की उगवतीच्या दिगंशाची कोटिज्या मिळते. पुण्यासाठी हे गणित केले, तर २१ जूनच्या सुमारास सूर्य सुमारे ६५ अंशांवर उगवतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास सुमारे ११५ अंशांवर. म्हणजे उगवतीचा बिंदू सहा महिन्यांत सुमारे ५० अंश सरकतो आणि पुढच्या सहा महिन्यांत तेवढाच मागे येतो. शाळेत शिकलेले 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे विधान वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आसपास, काटेकोरपणे खरे असते. लंडनमध्ये अक्षांश जास्त असल्यामुळे हाच प्रवास कितीतरी मोठा होतो; तेथे जूनमधला सूर्य ५० अंशांच्या जवळपास, म्हणजे ईशान्येलाच उगवतो. उगवतीचा बिंदू वर्षभर सारख्या वेगाने सरकत नाही. विषुवदिनांच्या वेळी तो दररोज सुमारे ०.४ अंश पुढे जातो, तर अयनदिनांच्या वेळी, म्हणजे २१ जून आणि २२ डिसेंबरच्या सुमारास, कित्येक दिवस जागच्या जागी थबकल्यासारखा वाटतो. घराच्या एकाच खिडकीतून किंवा गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून, समोरच्या डोंगराच्या किंवा इमारतीच्या कोणत्या कडेवरून सूर्य वर येतो हे वर्षभर टिपून ठेवले, तर हे सगळे कोणत्याही उपकरणावाचून दिसते. मला विचाराल तर आकाशाशी ओळख करून घेण्याचा याहून चांगला आरंभ नाही.

आपल्या अक्षांशांवर एक नवल मात्र असे घडते, जे लंडनच्या माणसाला त्याच्या गावी कधीच पाहता येणार नाही. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या शून्य सावलीच्या दिवशी सूर्य सकाळी सुमारे ७० अंशांवर उगवतो आणि मध्यान्हापर्यंतच्या सहा-साडेसहा तासांत त्याचा दिगंश कसाबसा ९० अंशांपर्यंत पोहोचतो. उरलेला सगळा वेळ तो नुसता वर चढत असतो. नंतर डोक्यावरून पलीकडे जाताक्षणी दिगंश ९० वरून एकदम २७० होतो. ठीक डोक्यावर असताना तर सूर्याला दिगंशच नसतो, कारण खस्वस्तिकापासून, म्हणजे ठीक डोक्यावरच्या बिंदूपासून, उतरवलेली रेषा क्षितिजाच्या कोणत्याही बिंदूकडे जाऊ शकते. उत्तर ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाला सगळ्याच दिशा दक्षिण असतात, तसेच हे आहे. आणखी एक गोष्ट. या दोन तारखांच्या मधल्या काळात पुण्यातला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, त्याचा दिगंश १८० नसून ० असतो आणि दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. दुपारच्या सावलीवरून उत्तर ओळखण्याचा सोपा नियम त्या अडीच महिन्यांत उलटा होतो.

सूर्याचा दिगंश असा क्षणाक्षणाला बदलत असेल, तर मुळात उत्तर कोठे आहे हे कशावरून ठरवायचे? याचे सर्वांत जुने आणि आजही विश्वासार्ह उत्तर म्हणजे शंकू, अर्थात सपाट जमिनीवर नीट उभी रोवलेली काठी. तिच्या बुडाभोवती एक वर्तुळ काढायचे. सकाळी लांब असलेली सावली आखूड होत जाते आणि तिचे टोक एका क्षणी वर्तुळाला शिवून आत येते. तेथे एक खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि तिचे टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाबाहेर पडते. तेथे दुसरी खूण. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. मग दोन्ही खुणांवरून एकाच मापाच्या दोन वर्तुळांचे कंस काढले, की मध्ये माशाच्या आकाराची आकृती तयार होते आणि तिच्या तोंडातून व शेपटीतून जाणारी रेषा उत्तर-दक्षिण येते. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्यासाठी शंकूची ही रीत दिलेली आहे. सूर्यसिद्धांतात आणि पुढच्या ग्रंथांत तिचे स्थान त्रिप्रश्नाधिकारात, म्हणजे तीन प्रश्नांच्या अध्यायात, आहे. तेथील तीन प्रश्न म्हणजे दिशा, स्थळ आणि काळ. खगोलगणितातील एका अख्ख्या अधिकाराच्या नावातच दिशेचा प्रश्न बसलेला आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

या रीतीत एक लहानशी चूक दडलेली आहे. सकाळची आणि दुपारची खूण करण्याच्या दरम्यान सूर्याची क्रांती थोडी बदललेली असते. अयनदिनांच्या वेळी हा बदल नगण्य असतो. परंतु विषुवदिनांच्या वेळी क्रांती तासाला सुमारे एक कला बदलते, म्हणजे दोन खुणांत सहा तास गेले तर सहा कला. तेवढ्याने पूर्व-पश्चिम रेषा किंचित तिरपी होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या चुकीसाठी आपल्या ज्योतिर्विदांनी दुरुस्ती सांगून ठेवली आहे; इ.स. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनीही ती दिली. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे, आणि त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. काठी आणि सावली एवढ्या साधनांवर काम करणाऱ्या माणसाने कलांचा हिशेब ठेवावा, यात त्या परंपरेची शिस्त दिसते.

रात्री हेच काम ध्रुवतारा करतो. पुण्यातून तो उत्तर क्षितिजावर सुमारे साडेअठरा अंश उंचीवर दिसतो, कारण ध्रुवबिंदूचा, म्हणजे ज्याच्याभोवती सगळे आकाश फिरताना दिसते त्या बिंदूचा, उन्नतांश आपल्या अक्षांशाइतकाच असतो. मात्र ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही. तो त्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे आणि दिवसातून एकदा त्याच्याभोवती लहानसे वर्तुळ पूर्ण करतो. त्यामुळे त्याचा दिगंश शून्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४० कलांपर्यंत हलतो. गच्चीवरून उत्तर ओळखायला याने काही बिघडत नाही, परंतु मोजणी करणाऱ्याला एवढी चूक परवडत नाही. म्हणून भूमापक ध्रुवतारा सर्वांत पूर्वेकडे किंवा सर्वांत पश्चिमेकडे झुकलेला असतानाची वेळ निवडतात. त्या वेळी तो बाजूला न सरकता जवळजवळ सरळ वर किंवा खाली जात असतो, त्याचा दिगंश काही मिनिटे स्थिर राहतो आणि गणिताने आधीच काढून ठेवता येतो.

दिगंश मोजण्यासाठी इमारतच उभी करण्याचे काम अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी केले. जयपूर, उज्जैन आणि वाराणसी येथील त्यांच्या वेधशाळांत दिगंश यंत्र आहे. त्यात मधोमध एक खांब, त्याच्याभोवती तेवढ्याच उंचीची एक गोल भिंत आणि तिच्याबाहेर दुप्पट उंचीची दुसरी गोल भिंत आहे. भिंतींच्या माथ्यांवर अंशांच्या खुणा कोरलेल्या असतात. बाहेरच्या भिंतीवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन दोऱ्या ताणल्या जातात. त्या खांबाच्या बरोबर वर एकमेकींना छेदतात. खांबापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत आणखी एक दोरी नेऊन ती तारा आणि छेदबिंदू यांच्या रेषेत येईपर्यंत फिरवायची, की भिंतीवर दिगंश वाचता येतो. भिंत जितकी मोठी, तितकी एका अंशाची जागा रुंद आणि वाचन तितके बारीक, हा त्यामागचा विचार होता. जयपूर व दिल्लीच्या राम यंत्रात तर दिगंश आणि उन्नतांश दोन्ही एकाच वेळी वाचता येतात. जयसिंगांच्या पदरी संस्कृत आणि अरबी-फारसी अशा दोन्ही परंपरांचे जाणकार होते. 'अझिमथ' हा शब्दही अरबीतील 'सम्त' म्हणजे दिशा या शब्दाच्या अनेकवचनातून युरोपात गेला, आणि खस्वस्तिकासाठीचा 'झेनिथ' हा शब्द 'डोक्याची दिशा' या अर्थाच्या अरबी शब्दप्रयोगातून, म्हणजे त्याच 'सम्त'मधून आला.

भर समुद्रात काठी रोवता येत नाही आणि ढगाळ रात्री ध्रुवतारा दिसत नाही. तेथे होकायंत्र उपयोगी पडते. जुन्या होकायंत्राच्या तबकडीवर अंशांऐवजी ३२ दिशा असत आणि प्रत्येक दिशा सव्वाअकरा अंशांची होती. होकायंत्राची सुई ज्या उत्तरेकडे वळते, ती पृथ्वीच्या अक्षाची उत्तर नसून चुंबकीय उत्तर असते. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील कोनाला चुंबकीय दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात आज हा कोन एका अंशाच्या आत असल्यामुळे आपल्याला त्याची जाणीव होत नाही. परंतु आपलेच नातेवाईक अमेरिकेत न्यू जर्सीत राहत असतील तर त्यांची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १२-१३ अंश पश्चिमेकडे झुकते, आणि कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात असतील तर जवळजवळ तेवढीच पूर्वेकडे. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवरच्या दोन निर्दोष सुयांत सुमारे २५ अंशांचा फरक पडतो.

शिवाय हा दिक्पात स्थिर राहत नाही. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींबरोबर तो वर्षागणिक बदलतो, म्हणून त्याची सतत नोंद ठेवावी लागते. या कामात मुंबईचा वाटा जगाच्या नोंदींत महत्त्वाचा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होऊ लागली, आणि सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाच्या वेळी चुंबकीय क्षेत्रात झालेली उलथापालथ तेथे नोंदली गेली. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे दिसू लागले. विजेच्या प्रवाहाने सुयांची वाचने बिघडणार हे ओळखून, नानाभाई मूस यांच्या संचालकपदाच्या काळात, १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीत चुंबकीय साहित्य टाळले गेले. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली. ट्राम आल्या, गेल्याही, पण अलिबागच्या नोंदी चालू आहेत. शास्त्रीय नोंदींची साखळी तुटू नये म्हणून इतक्या आधीपासून केलेली ही तयारी मला त्या काळातील सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटते.

चुंबकीय उत्तरेचा एक आकडा आपण नकळत वाचत असतो. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ असे लिहिलेले असते. धावपट्टीच्या चुंबकीय दिगंशाला १० ने भागून जवळची पूर्ण संख्या घेतली की हा आकडा मिळतो. ०९ म्हणजे विमान सुमारे ९० अंशांवर, पूर्वेकडे तोंड करून धावते आणि २७ म्हणजे पश्चिमेकडे. दुसरी धावपट्टी १४/३२ आहे. दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो, कारण उलट दिशा १८० अंशांवर असते. ज्या प्रदेशांत दिक्पात वेगाने बदलतो, तेथे काही दशकांनी धावपट्टीवरचा आकडा पुसून नवा रंगवावा लागतो. धावपट्टी तिथेच असते, शून्य सरकलेला असतो.

खलाशाला दिगंशाचा उपयोग दोन प्रकारांनी होतो. पहिला, आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी. मुंबईच्या तोंडाशी आलेल्या जहाजावरून कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्रॉंग्ज दीपगृह ४५ अंशांवर दिसत असेल, तर आपले जहाज त्या दीपगृहापासून उलट म्हणजे २२५ अंशांच्या रेषेवर कोठेतरी आहे. त्याच वेळी खांदेरी बेटावरचे कान्होजी आंग्रे दीपगृह १२० अंशांवर दिसले, तर त्यापासून ३०० अंशांची रेषा काढायची. नकाशावर या दोन रेषा जेथे मिळतात तेथे आपण आहोत. दोन रेषांतील कोन काटकोनाच्या जितका जवळ, तितका हा छेद भरवशाचा. दुसरा उपयोग होकायंत्राची चूक काढण्यासाठी. उगवत्या सूर्याचा खरा दिगंश पंचांगातील क्रांती आणि अक्षांश यांवरून काढायचा, होकायंत्रातून दिसणारा दिगंश वाचायचा आणि दोन्हींतील फरक घ्यायचा. या फरकात दिक्पात तर असतोच, शिवाय जहाजाच्या स्वतःच्या लोखंडामुळे सुई जेवढी वळते तेवढी चूकही असते. सिद्धांतांतील अग्रा आणि खलाशांचे हे उगवतीचे माप यांचे गणित एकच आहे. मोठ्या जहाजांवर आज पृथ्वीच्या भ्रमणावरून खरी उत्तर शोधणारे जायरो होकायंत्र असते, तरी त्याची तपासणीही सूर्याच्या दिगंशावरून केली जाते.

लांबच्या प्रवासात दिगंश आणखी एक धडा देतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जायचे तर सपाट नकाशावर पश्चिमेकडे, फार तर थोडे वायव्येकडे निघावे असे वाटते. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग मुंबईतून सुमारे ३३३ अंशांवर, म्हणजे वायव्येपेक्षाही उत्तरेकडे कललेला निघतो. त्याच मार्गाने न्यूयॉर्कला पोहोचताना मात्र दिगंश सुमारे २१४ झालेला असतो, म्हणजे विमान नैर्ऋत्येकडे तोंड करून उतरणीला लागते. सरळ मार्ग, पण आकडा वाटभर बदलत राहतो, कारण जागोजागी उत्तरेची दिशाच वेगळी असते. हवाई हद्दी आणि वारे यांमुळे प्रत्यक्ष मार्ग वेगळा पडतो, तरी गणिताचा पाया हाच. मुंबईतून मक्केची दिशाही म्हणूनच नुसती पश्चिम नसते. ती सुमारे २८० अंशांवर, पश्चिमेपासून १० अंश उत्तरेकडे येते. नमाजाची दिशा बिनचूक काढण्याच्या गरजेने मध्ययुगीन इस्लामी गणितज्ञांनी गोलीय त्रिकोणमितीत मोठी भर घातली, आणि अल्-बिरूनीसारख्या विद्वानाने या प्रश्नावर बारकाईने काम केले.

जमिनीच्या मोजणीत दिगंशाची चूक थेट मालकीवर येते. शेताचा १०० मीटर लांबीचा एक बांध मोजताना दिशेत एका अंशाची चूक झाली, तर त्या बांधाचे दुसरे टोक सुमारे पावणेदोन मीटर सरकते, आणि मधल्या त्रिकोणात सुमारे ८७ चौरस मीटर जमीन इकडची तिकडे होते. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एका अंशात पाऊण गुंठ्याहून अधिक जमीन गेली. ज्यांनी बांधावरून झालेली भांडणे आणि तुटलेली नाती पाहिली आहेत, त्यांना एका अंशाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. साध्या होकायंत्राने अर्ध्या अंशापर्यंतच खात्री देता येते, आणि जवळून विजेची तार, लोखंडी खांब किंवा कुंपण जात असेल तर तीही उरत नाही. म्हणून अनुभवी मोजणीदार प्रत्येक रेषा दोन्ही टोकांवरून पाहतो. एका टोकावरून ६० अंश आले तर दुसऱ्या टोकावरून २४० यायलाच हवेत. फरक १८० नसेल तर दोनपैकी एका टोकाला सुई ओढली जात आहे.

यापुढची अचूकता थिओडोलाइटने आणली. त्यात दुर्बीण एका बारीक खुणा केलेल्या आडव्या चकतीवर फिरते, आणि दोन दिशांमधला कोन सुईची मदत न घेता थेट वाचता येतो. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. त्यांच्या थिओडोलाइटची चकती ३६ इंची होती आणि यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना हे यंत्र आपटले आणि चकती वाकली. लॅम्बटन यांनी कित्येक आठवडे खपून ती स्वतःच्या हातांनी पुन्हा गोल केली. पुढे मध्य भारताकडे काम सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला, आणि तेथेच त्यांना पुरण्यात आले. या सर्वेक्षणात एकमेकांना जोडलेल्या त्रिकोणांची साखळी देशभर नेली जात होती. त्या त्रिकोणांचे कोन थिओडोलाइटने मिळत, परंतु सगळी साखळी पृथ्वीवर कोणत्या दिशेने मांडायची हे कोनांवरून कळत नाही. त्यासाठी किमान एका रेषेचा खरा दिगंश ताऱ्यांवरून काढावा लागतो. भारतासाठी ती रेषा मध्य प्रदेशातील कल्याणपूरच्या टेकडीपासून सूरांतल या स्थानकाकडे जाणारी धरली गेली, आणि देशाच्या जुन्या नकाशांची दिशा या एका रेषेवर टेकलेली होती.

आज टोटल स्टेशन या कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर काही विकलांपर्यंत कोन वाचता येतो. एक विकला म्हणजे एक किलोमीटरवर सुमारे पाच मिलिमीटर. उपग्रहांच्या आधारे चालणारा रोव्हर हा हाती नेता येणारा ग्राहक तर कोन न मोजता दोन ठिकाणांचे निर्देशांक देतो आणि दिगंश त्यांवरून गणिताने निघतो. पण येथे एक तिसरी उत्तर उभी राहते. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना नकाशावर चौकटी रेषा आखल्या जातात, आणि त्यांची उत्तर खऱ्या उत्तरेशी मध्यरेषेवरच जुळते. पश्चिम महाराष्ट्र ज्या पट्ट्यात येतो त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुणे तिच्या पश्चिमेला असल्यामुळे तेथे चौकटीची उत्तर आणि खरी उत्तर यांत सुमारे ०.३६ अंशाचा, तर मुंबईत सुमारे ०.७ अंशाचा फरक पडतो. मुंबईतल्या एखाद्या रेषेच्या दिगंशात हा फरक विसरला, तर एका किलोमीटरच्या टोकाला १२ मीटरची चूक होते.

म्हणून मोजणीचा कोणताही कागद हाती आला की मी आधी कोन पाहत नाही. कोपऱ्यातला बाण आणि त्याच्याखालची अक्षरे पाहतो. बाण खऱ्या उत्तरेचा आहे, चुंबकीय उत्तरेचा आहे की चौकटीच्या उत्तरेचा, हे तेथे लिहिलेले असायला हवे. चुंबकीय असेल तर मोजणीचे सालही हवे, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या सुईची दिशा त्या सालचा दिक्पात धरूनच आजच्या नकाशावर आणता येते. हीच पद्धत घरातही लावता येईल. दाराची किंवा देवघराची दिशा फोनमधल्या होकायंत्रावर पाहणाऱ्याने आधी सेटिंगमध्ये 'ट्रू नॉर्थ' चालू आहे की नाही ते बघावे, आणि एका उन्हाळी सुट्टीच्या दिवशी गच्चीवर काठी उभी करून सकाळ-दुपारच्या दोन खुणांवरून आलेल्या रेषेशी फोनचा आकडा ताडून पाहावा. स्लॅबमधल्या सळ्या सुईला किती ओढतात, तेही त्या रेषेवरून कळेल.